उंदराची सूज उतरली नाही, हेही उत्तर आहे

प्रति,
औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य,
महाविद्यालयांतल्या प्राणी नीतिमत्ता समित्यांचे सदस्य,
आणि एम. फार्म.चे गाइड म्हणून काम करणारे माझे सहकारी,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध परत आला. त्यावर एका ओळीचा शेरा होता: अपेक्षित परिणाम दिसत नाही, सबब प्रयोग पुन्हा करून प्रबंध सादर करावा. ही ओळ लिहायला कुणाला अर्धं मिनिट लागलं असेल. तिच्यात आणखी ३० प्राण्यांचा जीव मागितला आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. ते कुणीतरी सांगायला हवं म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

महाविद्यालयाचं नाव मी घेत नाही, कारण हा शेरा एका जागेचा नाही. गेली १९ वर्षं मी औषधशास्त्र शिकवते. एवढ्या काळात हेच वाक्य मी किती तरी ठिकाणी, किती तरी तोंडून ऐकलं. "रिझल्ट आला नाही? मग एकदा परत करून बघा." "सिग्निफिकन्स नसेल तर पेपर कोण घेणार?" "एक्स्टर्नल परीक्षकापुढे काय दाखवणार?" बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांतल्या काहींच्या हाताखाली मी शिकले.

आधी या प्रयोगाविषयी सांगते, म्हणजे ज्यांनी ॲनिमल हाउस, म्हणजे प्रयोगांचे प्राणी ठेवायची जागा, आतून पाहिलेलं नाही त्यांनाही मी काय म्हणते ते कळेल.

विषय होता निर्गुडी. सातारा जिल्ह्यात आमच्या आजीचा गुडघा सुजला की ती बांधावरची निर्गुडीची पानं आणायला आम्हाला पिटाळायची. पानांना एरंडेल चोळून तव्यावर शेकायची आणि फडक्याने गुडघ्याला बांधायची. घरभर तो कडवट वास सुटायचा. अशी आजी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होती. निर्गुडीच्या पानांचा अर्क उंदरांच्या सुजेवर चालतो, असे शोधनिबंधही पूर्वी झालेले आहेत. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्यापुढचा होता. पानांत जी अनेक संयुगं आहेत, त्यांतलं एक वेगळं काढलं आणि तेवढंच पोटातून दिलं, तर सूज उतरते का?

तिने आपल्या गावच्या ओढ्याकाठची पानं आणली. फुलोऱ्यासकट एक फांदी दाबून वाळवली आणि पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात देऊन ओळख पटवून घेतली. पानं सावलीत वाळवली, दळली, अर्क काढला आणि मग कॉलमवर, म्हणजे अर्कातली संयुगं वेगळी करणाऱ्या उभ्या नळीवर, बसली. ज्यांनी कॉलम चालवलाय त्यांना हे 'बसणं' काय असतं ते माहीत आहे. थेंब थेंब उतरणारं द्रावण, नंबर घातलेल्या नळ्या, प्रत्येक नळीची टीएलसी (संयुगं ठिपक्यांच्या रूपात वेगळी दाखवणारी चाचणी), अंधारात यूव्ही दिव्याखाली ठिपका शोधणं. किलोंनी पाला आणि हाती येतात मिलिग्रॅम. तिला किती लागणार होतं याचा हिशेब मी तिच्याकडूनच करून घेतला होता. २०० ग्रॅमचा एक उंदीर, एका गटात ६, आणि डोस किलोमागे २५, ५० आणि १०० मिलिग्रॅम. म्हणजे ३० अधिक ६० अधिक १२०, एकूण २१० मिलिग्रॅम. एवढीशी पूड जमवायला तिला पावसाळा आणि दिवाळी दोन्ही गेली.

मग प्रयोगाचा दिवस. चाचणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: १९६२ साली विंटर, रिस्ले आणि नस यांनी मांडलेली, उंदराच्या पंज्याच्या सुजेची. विस्टार जातीचे पांढरे रॅट (मोठे उंदीर) रात्रभर उपाशी, पाणी चालू. सकाळी वाकड्या सुईने घशाखाली औषध. तासाभराने मागच्या पायाच्या तळव्यात कॅरॅगीननचं १ टक्क्याचं द्रावण, ०.१ मिलिलिटर. कॅरॅगीनन हे समुद्रातल्या लाल शेवाळातून काढतात; आइस्क्रीम दाट करायलाही ते वापरतात. तळव्यात टोचलं की पहिल्या तासात हिस्टामीन आणि सेरोटोनिन ही सूज आणणारी रसायनं सुटतात, नंतर प्रोस्टाग्लँडिन, आणि तिसऱ्या ते पाचव्या तासात सूज शिगेला पोचते. आपण ती मोजतो. घोट्यावर मार्करने रेघ ओढलेली असते. पंजा रेघेपर्यंत पाण्याच्या नळीत बुडवायचा आणि पाणी किती सरकलं ते वाचायचं.

हे तोंडी सांगायला सोपं आहे. पण त्या पंज्याकडे एकदा नीट बघा. बोटं फाकतात. तळवा लाल आणि टणक होतो. प्राणी तो पाय टेकवत नाही; पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तीन पायांवर बसून तो पंजा चाटत राहतो. दर तासाला आपण त्याला उचलतो, सुजलेला पाय ताणतो आणि पाण्यात घालतो. चौथ्या तासाला तो आपला हात येताना पाहूनच मागे सरकतो. संध्याकाळी त्याला मारायचं असतं आणि पिवळ्या पिशवीत घालून जाळायला द्यायचं असतं. ३० वेळा. त्याआधी विषारीपणाच्या तपासणीत ६ छोटे उंदीर गेलेले असतात, ते वेगळेच.

निकाल असा आला. नुसतं कॅरॅगीनन दिलेल्या गटाचे पंजे अपेक्षेप्रमाणे सुजले. इंडोमेथासिन हे सूज उतरवणारं माहितीतलं औषध, म्हणजे तुलनेचं प्रमाण औषध, दिलेल्या गटाची सूज स्वच्छ कमी होती. आणि तिच्या संयुगाचे तिन्ही डोस नुसत्या कॅरॅगीननच्या गटापाशीच राहिले. आलेखात त्या चार रेघा एकमेकींवरून जात होत्या.

"मॅडम, माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

काही चुकलं नव्हतं. इंडोमेथासिनने सूज उतरवली, याचा अर्थ चाचणी नीट लागली होती. कॅरॅगीनन ताजं होतं, सुई योग्य जागी गेली होती, मोजमाप बरोबर होतं. अशा चाचणीत संयुग चाललं नाही, तर 'या डोसला, या वाटेने दिलं असता, या प्रकारच्या सुजेवर ते चालत नाही' हे आपल्याला कळलं. त्यातून पुढे जायला वाटाही निघतात. अर्क चालत असेल आणि हे संयुग चालत नसेल, तर गुण पानातल्या दुसऱ्या कशात तरी असेल किंवा अनेकांच्या मेळात असेल. कदाचित हे संयुग पोटातून रक्तात पोचतच नसेल. आजीने तर ते पोटात कधी दिलंच नव्हतं. तिने शेकलेलं पान कातडीवर बांधलं होतं. हे सगळे प्रश्न त्या मुलीने प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात मांडले होते. माझ्या १९ वर्षांत मी वाचलेलं एम. फार्म.चं ते सर्वांत प्रामाणिक प्रकरण आहे. त्यावर शेरा आला, 'पुन्हा करा'.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यांत जड तक्रार ही, की निकाल काय यावा हे आपण प्रयोगाच्या आधी ठरवून टाकलं आहे. हे चूक आहे आणि त्यात गणिताचाही घात आहे. आपण सगळे ५ टक्क्यांची पातळी धरतो; निव्वळ योगायोगाने तसा फरक दिसण्याची शक्यता त्याहून कमी असेल तरच निकाल 'सिग्निफिकंट' मानतो. म्हणजे संयुगात काहीही दम नसला तरी वीसात एकदा प्रयोग 'आला' असं दिसणारच. तोच प्रयोग तीनदा केला तर निव्वळ योगायोगाने एकदा तरी 'येण्याची' शक्यता १४ टक्क्यांवर जाते. त्यात तीन डोस, पाच वेळा मोजमाप, आणि यांतली सोयीची जोडी निवडायची मोकळीक धरली तर ती आणखी चढते. म्हणजे 'येईपर्यंत करा' या सल्ल्यातून आपण खोटी उत्तरं तयार करतो. आणि जे दोन प्रयोग 'आले नाहीत' ते कुठेच लिहिले जात नाहीत, त्यामुळे चार वर्षांनी दुसऱ्या गावातली दुसरी मुलगी तेच संयुग, तेवढ्याच उंदरांवर, त्याच आशेने करते.

मी हे बाहेर उभी राहून बोलत नाही. माझ्या स्वतःच्या एम. फार्म.च्या प्रबंधात मी दोन प्राणी 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांहून फार वेगळे आकडे देणारे, म्हणून वगळले होते. त्यांच्यात कोणताही आजार नव्हता, सुई चुकली नव्हती. त्यांना वगळलं की निकाल सिग्निफिकंट होत होता, इतकंच कारण होतं. मला तसं करायला सांगितलं गेलं आणि मी ते केलं. तो प्रबंध अजून कपाटात आहे. त्या दोन उंदरांचे आकडे माझ्या जुन्या वहीत पेन्सिलीने खोडलेले आहेत, आणि खोडलेले असूनही वाचता येतात.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १७ व्या कलमात लिहिलं आहे, की शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि केवळ हाताला सवय व्हावी म्हणून ते शक्यतो करू नयेत. त्याच कायद्याखाली १९९८ चे नियम आले, केंद्रीय समिती आली (जिला आपण अजून सवयीने सीपीसीएसईए म्हणतो, आता ती सीसीएसईए आहे) आणि प्रत्येक संस्थेत नीतिमत्ता समिती आली. फॉर्म बी, म्हणजे प्राणी वापरायच्या परवानगीचा अर्ज, भरताना आपण प्राणीच का हवेत आणि इतकेच का हवेत याचं कारण लिहितो. मग 'परीक्षकांना निकाल पटला नाही' हे कारण त्या फॉर्मच्या कोणत्या रकान्यात बसतं? असा शेरा देणाऱ्याने तो रकाना स्वतः भरून दाखवावा, एवढीच विनंती आहे.

नीतिमत्ता समित्यांच्या सदस्यांशी थोडं स्पष्ट बोलते. मीही अशा समितीवर काम केलं आहे. एका दुपारी पंधरा-वीस प्रस्ताव, समोर चहा, प्रत्येकाला सहा-सात मिनिटं. 'अमुक वनस्पतीच्या अर्काचा सूजनाशक गुणधर्म, कॅरॅगीनन पद्धत, ५ गट, प्रत्येकी ६.' वनस्पतीचं नाव बदलतं, बाकी मजकूर गेल्या वर्षीचाच असतो. ६ च का, हे कुणी विचारत नाही, कारण सगळे ६ च घेतात. हेच काम आधी कुणी केलंय का, हे विचारलं जात नाही. समितीत समाजाची बाजू मांडायला एक बिगरवैज्ञानिक सदस्य असतो. त्यांना आपण नीट समजावून सांगत नाही आणि मग ते विचारायचं धाडस करत नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला जबाबदार आपण आहोत.

तिसरी गोष्ट लहान वाटेल, पण ती मला फार बोचते. पंजा पाण्यात बुडवणाऱ्यालाच कोणता उंदीर कोणत्या गटाचा ते माहीत असतं. आता ती रेघ आठवा. पंजा रेघेच्या केसभर खाली गेला किंवा वर राहिला की आकडा बदलतो. ज्याला पदवी हवी आहे, निकाल 'यायला' हवा आहे, त्याचा हात तेवढा हलणारच. त्यात त्याचा दोष नाही, माणसाचा हात असाच असतो. म्हणून पिंजऱ्यावर फक्त क्रमांक हवा आणि गटांची यादी दुसऱ्याच्या कपाटात हवी. याला एक पैसा खर्च येत नाही. प्राण्यांवरच्या संशोधनाची नोंद कशी करावी याची 'अराइव्ह' नावाची सूची २०१० पासून आहे, २०२० मध्ये ती सुधारली गेली, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडणं व गट न सांगता मोजणं या दोन्ही गोष्टी तिच्या अगदी आवश्यक दहा मुद्द्यांत आहेत. माझ्यापुढे आलेल्या प्रबंधांत त्यांचा उल्लेख मला क्वचितच सापडला.

चौथं, पायऱ्या वगळणं. संयुग प्राण्यात घालण्याआधी पेशींवर बघता येतं, प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या कॉक्स या एन्झाइमवर बघता येतं. पेशींची सोय नसलेल्या महाविद्यालयातही अल्ब्युमिन या प्रथिनाच्या डिनॅच्युरेशनची (बिघडण्याची) किंवा तांबड्या रक्तपेशींच्या आवरणाची साधी चाचणी होते. या चाचण्या पुरेशा नाहीत हे मला मान्य आहे. काचेत, म्हणजे शरीराबाहेर नळीत, चालणारी पुष्कळ संयुगं शरीरात चालत नाहीत. पण काचेतही जे हलत नाही, ते थेट उंदरात का घालायचं?

आणि डोस. रॅटचा डोस माणसाकडे नेताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने साधारण ६.२ ने भागतात. किलोमागे १०० मिलिग्रॅमचे माणसात सुमारे १६ होतात. ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ १ ग्रॅम शुद्ध संयुग. २१० मिलिग्रॅमला पावसाळा आणि दिवाळी गेली, हे लक्षात घेऊन विचार करा. अर्काच्या प्रबंधांत तर किलोमागे ४०० मिलिग्रॅम सर्रास देतात आणि शेवटच्या पानावर 'संधिवातावर उपयुक्त ठरू शकते' असं वाक्य येतं. चार तासांची पंज्याची सूज आणि वर्षानुवर्षांचा संधिवात यांत केवढं अंतर आहे, ते आपण वर्गात शिकवतो आणि प्रबंधात विसरतो. तेच वाक्य पुढे कुठल्या तरी डबीवर 'संशोधनाने सिद्ध' म्हणून छापलं जातं. माझ्या शेजारच्या काकूंनी अशीच एक डबी आणून डॉक्टरांनी संधिवातावर दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी बंद केली होती. सहा महिन्यांनी त्यांची बोटं वाकडी झालेली मी पाहिली. त्या डबीच्या मुळाशी कुणाचा तरी 'आलेला' निकाल असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा, असं मी म्हणत नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, ते गिनीपिगच्या फुप्फुसांच्या आधाराने. विंटर यांच्या गटाने १९६३ मध्ये इंडोमेथासिनचा गुण याच पंज्याच्या चाचणीवर दाखवला. त्या प्राण्यांचं आपल्यावर देणं आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपण त्या दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर लिहितो आणि प्रश्नपत्रिकेत पाच मार्कांना विचारतो.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

अभ्यासमंडळांनी लेखी नियम करावा, की प्रमाण औषधाने परिणाम दाखवला असेल आणि मंजूर पद्धतीने काम झालं असेल, तर परिणाम दिसला नाही या कारणावरून कोणताही प्रबंध परत पाठवता येणार नाही. गुण प्रश्नाला, आखणीला, नोंदींना आणि चर्चेला द्यावेत. निकाल कोणत्या बाजूला गेला याला शून्य गुण असावेत.

प्रयोग पुन्हा करायला सांगायचा असेल, तर सांगणाऱ्याने शास्त्रीय कारण सहीनिशी लिहावं, आणि तो नवा प्रस्ताव म्हणून नीतिमत्ता समितीपुढे जावा.

समित्यांनी प्रत्येक प्रस्तावासोबत तीन कागद मागावेत: आधी झालेल्या कामाचा आढावा, काचेतल्या चाचणीचे आकडे, आणि आकडेमोड कशी करणार याचा प्रयोगाआधी लिहिलेला आराखडा. कोणता प्राणी कोणत्या कारणाने वगळला जाईल हेही त्या आराखड्यातच असावं, म्हणजे उद्या कुणाला माझ्यासारखी पेन्सिल हातात घ्यावी लागणार नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडणं आणि गट न सांगता मोजणं सक्तीचं करावं.

पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात सापडतात. एम. फार्म.चे कपाटात धूळ खातात. ते मूळ आकड्यांसकट, 'न आलेल्या' निकालांसकट, कुणालाही वाचता येतील असे ठेवावेत. एका राज्याने जरी हे केलं तरी किती पिंजरे रिकामे राहतील!

आणि गाइड मित्रांनो, तुमच्याकडे मागणी नाही, कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी विद्यार्थी पडलेल्या चेहऱ्याने आलेख घेऊन आला, तर पहिला प्रश्न 'परत केलंस का?' असा विचारू नका. 'प्रमाण औषध चाललं का?' असं विचारा. तो जर हो म्हणाला, तर त्याला खुर्ची द्या आणि चर्चेचं प्रकरण लिहायला बसवा.

माझ्या विद्यार्थिनीला एका कंपनीत नोकरी मिळाली आहे. पदवीचा कागद नसल्यामुळे रुजू होणं अडलं आहे. घरचे तिला रोज म्हणतात, कर बाई पुन्हा, काय जातंय. तिच्या संयुगाची चिमूटभर पूड काचेच्या कुपीत फ्रिजमध्ये आहे. पुन्हा करायचं तर नवा पाला, नवा कॉलम, पुन्हा तेवढेच महिने. तरी ती मला म्हणाली, "मॅडम, मी कॉलम परत लावीन, पण ते पंजे परत नको."

दुसऱ्या ३० प्राण्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. गाइड म्हणून त्यावर माझी सही लागते. ती मी केलेली नाही. परत आलेला प्रबंध एक अक्षर न बदलता, सोबत या पत्राची प्रत जोडून, मी पुन्हा पाठवते आहे. ॲनिमल हाउसचे मामा काल विचारत होते, नवी बॅच कधी यायचीय, पिंजरे धुवून ठेवू का. आपलं उत्तर येईपर्यंत मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.

आपली,
औषधशास्त्राची एक शिक्षिका